एच-१बीवरची नोकरी गेल्यावर: साठ दिवस, बी-२ आणि एक लाख डॉलरची मेख

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एच-१बीवर (कुशल परदेशी कामगारांचा तात्पुरता व्हिसा) काम करणाऱ्या गृहस्थांना ३० जानेवारी २०२६ ला कामावरून कमी केल्याचे सांगितले गेले. लॅपटॉप त्याच दिवशी जमा झाला, पगार मात्र २७ फेब्रुवारीपर्यंत चालू राहणार आहे आणि त्यानंतर आठ आठवड्यांचा सेव्हरन्स (नोकरी गेल्याची भरपाई) मिळेल. एच-१बीची कमाल सहा वर्षे केव्हाच उलटली आहेत. ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, म्हणजे आय-१४०, २०१७ साली मंजूर झाला, वर्ग ईबी-२ (उच्चशिक्षितांचा), प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) मे २०१६. सगळ्यांचा आय-९४ (मुक्कामाची मुदत दाखवणारी नोंद) नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसा २०२५ मध्येच संपला. पत्नी एच-४ वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबाच्या स्टेटसवर आहेत आणि ईएडीवर (काम करण्याचा परवाना) नोकरी करतात. मुलगी एच-४ वर कॉलेजात आहे आणि ऑगस्टमध्ये तिला २१ पूर्ण होतील. नोकरी गेल्यावर देशात राहायला मिळणारे साठ दिवस (ग्रेस पिरियड) कधीपासून धरायचे, नोकरी मिळाली नाही तर बी-२ चा (पर्यटकाचे स्टेटस) अर्ज टाकायचा का, आणि काही महिने पुण्याला जाऊन नव्या कंपनीमार्फत परत आले तर तो एक लाख डॉलरचा नियम लागेल का, असे त्यांनी विचारले आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकी दोन्हींची उत्तरे त्याने बदलून टाकली आहेत.

सप्टेंबर २०२५ पर्यंत साठ दिवस हुकले तरी आभाळ कोसळत नसे. नवी कंपनी अर्ज करायची, यूएससीआयएस (अमेरिकेचे इमिग्रेशन खाते) तो 'कॉन्सुलर नोटिफिकेशन'ने, म्हणजे व्हिसा परदेशातल्या वकिलातीतून घ्यायचा अशा रीतीने, मंजूर करायची, माणूस मुंबईला येऊन स्टॅम्पिंग करून (पासपोर्टवर नवा व्हिसा घेऊन) परत जायचा. विमानाचे तिकीट आणि थोडा मनस्ताप, एवढ्यावर भागायचे. १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय घोषणेने ही पळवाट बंद केली. २१ सप्टेंबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या नव्या एच-१बी अर्जातला लाभार्थी अमेरिकेबाहेर असेल आणि त्याच्याकडे वैध एच-१बी व्हिसा नसेल, तर मालकाने अर्जाआधी १,००,००० डॉलर भरून त्याचा पुरावा जोडावा लागतो. माणूस अमेरिकेत असूनही अर्जात कॉन्सुलर नोटिफिकेशन मागितले असेल, तरी तेच. विद्यापीठे एच-१बीच्या वार्षिक लॉटरीच्या कोट्यातून मोकळी आहेत, या रकमेतून नाहीत. राष्ट्रीय हिताच्या नावाखाली सूट आहे खरी, पण तिचे निकष इतके कडक आहेत की ती मिळेल असे धरून चालू नका.

२० ऑक्टोबर २०२५ ला यूएससीआयएसने खुलासा केला. अमेरिकेतच असलेल्या माणसासाठी मागितलेले एक्स्टेन्शन (मुदतवाढ), अमेंडमेंट (दुरुस्ती) किंवा चेंज ऑफ स्टेटस (एका स्टेटसमधून दुसऱ्यात जाणे) यांना ही रक्कम लागू नाही. पण ते मंजूर झाले तरच. अर्जदार वैध स्टेटसमध्ये नव्हता म्हणून एक्स्टेन्शन नाकारले गेले, किंवा चेंज ऑफ स्टेटसचा निकाल लागण्याआधीच तो देशाबाहेर गेला, तर रक्कम लागू होते. म्हणजे साठ दिवसांत अर्ज पोचला तर नेहमीची फी, आणि एकसष्टाव्या दिवशी पोचला तर एक लाख डॉलरचा धोका. त्या धोक्याची जबाबदारी घेऊन कामावर घेणारी मध्यम आकाराची कंपनी मिळणे अवघड आहे.

त्यामुळे तुमच्या पुण्याच्या बेताचे उत्तर सरळ आहे. तुमचा व्हिसा संपलेला आहे. तुम्ही आत्ता बाहेर पडलात आणि नंतर नवी कंपनी अर्ज करू लागली, तर तो अर्ज थेट या नियमात सापडतो. हाच प्रश्न ज्याच्या पासपोर्टवर २०२७ पर्यंतचा एच-१बी व्हिसा आहे त्याने विचारला असता, तर उत्तर वेगळे आले असते. त्याला हा नियम लागत नाही, आणि व्हिसावर जुन्या कंपनीचे नाव असले तरी नव्या कंपनीच्या आय-७९७ वर (अर्ज मंजूर झाल्याचे पत्र) त्याला प्रवेश मिळू शकतो. म्हणून मित्राने जे केले ते आपल्याला चालेल असे समजू नका. आधी त्याच्या व्हिसाची तारीख विचारा.

क्रम उलटा ठेवला तर प्रवासही जमतो. नव्या कंपनीचा अर्ज तुम्ही इथे असताना साठ दिवसांत दाखल झाला आणि एक्स्टेन्शनसह मंजूर झाला, तर त्याच मंजुरीवर पुढे मुंबईत स्टॅम्पिंगला गेलात तरी ही रक्कम लागत नाही, हेही त्याच खुलाशात आहे. मंजुरी हातात येईपर्यंत मात्र हलायचे नाही. गेल्यावरही तारखांचा भरवसा नाही. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची सूट जवळपास संपली आहे, तिसऱ्या देशात जाऊन स्टॅम्पिंग करण्याची सोयही आटली आहे. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची सोशल मीडिया खाती तपासली जातात. त्यापायी भारतातल्या अनेकांच्या डिसेंबरच्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि लोक सुट्टीला म्हणून येऊन अडकले.

आता साठ दिवस. नियम १७ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. तो म्हणतो: सलग साठ दिवसांपर्यंत, किंवा आय-९४ संपेपर्यंत, यांतले जे आधी येईल ते. तुमचा आय-९४ नोव्हेंबरपर्यंत आहे असे तुम्ही लिहिले आहे, पण ते आय-७९७ वर पाहिले की सीबीपीच्या (सीमेवर आणि विमानतळावर तपासणी करणारे खाते) संकेतस्थळावर? शेवटचा प्रवेश आय-७९७ नंतरचा असेल, तर विमानतळावर मिळालेली तारीखच धरली जाते. पासपोर्ट लवकर संपत असेल तर तिथला अधिकारी पासपोर्टच्या तारखेपर्यंतचाच आय-९४ देतो. कागदावर नोव्हेंबर आणि संगणकावर मार्च, असे प्रकार सर्रास आढळतात. तिघांचेही आय-९४ आजच उतरवून घ्या आणि प्रत्येकावरची तारीख वेगळी वाचा.

मोजणी कुठून करायची? यूएससीआयएसच्या म्हणण्यानुसार नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, आणि नोकरी संपल्याचा दिवस साधारणपणे ज्या शेवटच्या दिवसाचा पगार मिळाला तो. सेव्हरन्स यात धरत नाहीत. या हिशेबाने २८ फेब्रुवारी हा तुमचा पहिला दिवस आणि २८ एप्रिल हा साठावा. पण तुमचा लॅपटॉप ३० जानेवारीलाच गेला आहे. काम नाही, पगार चालू, असा काळ नोकरीत धरायचा की नाही याचे ठाम उत्तर नियमात नाही, आणि एखादा अधिकारी ३० जानेवारीच धरून बसू शकतो. तसे झाले तर साठावा दिवस ३१ मार्च. या पेशातले सावध लोक अशा वेळी ३१ मार्च हीच आपली मुदत मानतात आणि २८ एप्रिल युक्तिवादासाठी राखून ठेवतात. तुम्हीही तेच करा.

ग्रेस पिरियडसाठी वेगळा अर्ज नसतो. नवी कंपनी जेव्हा आय-१२९ (एच-१बीचा अर्ज) दाखल करते तेव्हा तिचा वकील कव्हर लेटरमध्ये ही सवलत मागतो, आणि अधिकारी ती द्यायची की नाही ते तेव्हा ठरवतो. ती हक्काने मिळत नाही, अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते. प्रत्येक मंजूर मुदतीत ती एकदाच मिळते. या मुदतीत आधी एखादी नोकरी जाऊन तुम्ही वीस दिवस वापरले असतील, तर उरलेले चाळीस आता मिळतील असे नाही.

मुदतीवरून मागे मोजत यायचे. आय-१२९ च्या आधी कामगार खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींची मालकाने दिलेली हमी) मंजूर व्हावा लागतो, त्याला कामकाजाचे सात दिवस लागतात. कंपनी छोटी असेल आणि तिने पूर्वी कधी एलसीए भरला नसेल, तर तिच्या कर क्रमांकाची पडताळणी आधी होते आणि त्यात आणखी काही दिवस जातात. पुढे सह्या, फी, कुरियर. अर्ज यूएससीआयएसच्या हाती पडला तो दिवस धरतात, कुरियरला दिला तो नाही. पत्ता चुकला, फी चुकली किंवा सही राहिली तर पाकीट परत येते आणि तो अर्ज दाखलच झाला नाही असे मानतात. म्हणून ३१ मार्चसाठी एलसीए १३-१४ मार्चच्या आत भरला गेला पाहिजे आणि ऑफर लेटर त्याच्याही आधी हवे. मुलाखतीच्या चौथ्या फेरीपर्यंत व्हिसाचा विषय न काढणारे लोक इथेच फसतात. पहिल्याच फोनवर सांगा: एच-१बी ट्रान्सफर, लॉटरी नको, अमुक तारखेच्या आत दाखल व्हायला हवी.

अर्ज पोचला की पोर्टेबिलिटीच्या तरतुदीने तुम्ही नव्या जागी काम सुरू करू शकता, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. प्रीमियमने (जादा फी भरून जलद निकाल मागितला की) कामकाजाच्या पंधरा दिवसांत काही ना काही उत्तर येते. तुमच्या परिस्थितीत मी प्रीमियमशिवाय जाणार नाही, कारण टांगलेल्या अर्जावर काम करत राहायचे आणि सहा महिन्यांनी नकार यायचा हे एक लाख डॉलरच्या काळात परवडत नाही. सहा वर्षे उलटल्याची चिंता नको. आय-१४० मंजूर आणि प्रायॉरिटी डेट अजून आलेली नाही, या आधारावर नवी कंपनी थेट तीन वर्षांचे एक्स्टेन्शन मागू शकते.

जुन्या कंपनीने आय-१४० मागे घेतला तर? मंजुरीला १८० दिवस होऊन गेले असतील तर मागे घेण्याने तो रद्द होत नाही. तुमचा २०१७ चा आहे, विषय संपला. मे २०१६ ही तारीखही तुमचीच राहते. फसवणूक किंवा मंजुरीतली मोठी चूक निघाली तरच ती जाते. नव्या कंपनीला पर्म (आय-१४० आधी कामगार खात्याकडून घ्यायची मंजुरी) आणि आय-१४० नव्याने करावे लागतील, पण रांगेतली जागा जुनीच. ती रांग किती लांब? जानेवारी २०२६ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये भारतीय ईबी-२ ची अंतिम तारीख १५ जुलै २०१३ होती, म्हणजे त्याआधीची प्रायॉरिटी डेट असलेल्यांचीच पाळी आली होती. वर्षाला साधारण १,४०,००० रोजगाराधारित ग्रीन कार्डे आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, हे गणित १९९० च्या कायद्यातले आहे. ते बदलणारे विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये वेगळ्या रूपात सिनेटमध्ये संमत झाले. दोन्ही मसुदे जुळले नाहीत आणि सगळे बारगळले. तेव्हापासून दर वर्षी 'यंदा होणार' असे ऐकू येते. त्या भरवशावर घराचे कोणतेही निर्णय घेऊ नका.

बी-२ बद्दल सध्या सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले फिरतात. साठ दिवस संपायच्या आत आय-५३९ (स्टेटस बदलण्याचा किंवा वाढवण्याचा अर्ज) भरला, तर निकाल लागेपर्यंत तुमचा मुक्काम अधिकृत मानला जातो आणि बेकायदा वास्तव्याचे दिवस चढत नाहीत. ऑनलाइन ४२० डॉलर, कागदी अर्जाला ४७०. सोबत थांबण्याचे सबळ कारण, पैशाचा पुरावा आणि जायची तारीख हवी. घर विकायचे आहे, भाडेकरार मेपर्यंत आहे, उपचार चालू आहेत, अशी कारणे चालतात. 'नोकरी शोधतो आहे' हे एकमेव कारण लिहू नका. मुलाखतीला जायला बी-२ वर हरकत नाही, काम करायला आहे.

अडचण पुढची आहे. समजा बी-२ अर्ज पडून असताना नव्वदाव्या दिवशी नोकरी मिळाली. आता नव्या कंपनीचा अर्ज बी-२ मधून एच-१बीमध्ये चेंज ऑफ स्टेटस मागणार. त्याला मंजुरी मिळायची तर आधी बी-२ मंजूर व्हायला हवा, आणि तोवर काम करता येत नाही. बी-२ नाकारला गेला की मधला पूल पडला. चेंज ऑफ स्टेटस जाते आणि कंपनीसमोर ते एक लाख डॉलर उभे राहतात. शिवाय २८ फेब्रुवारी २०२५ च्या धोरणानुसार नकारानंतर माणूस वैध स्टेटसमध्ये नसेल, तर यूएससीआयएस त्याला थेट इमिग्रेशन कोर्टाची नोटीस काढू शकते. साठ दिवस संपायच्या आतच अशा नोटिसा आल्याचेही २०२५ मध्ये अनेक वकिलांनी नोंदवले आहे. नोटीस आली तर 'आपण तर जाणारच आहोत' म्हणून गुपचूप विमानात बसू नका. तारखेला कोर्टात हजर न राहिल्यास गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश निघतो आणि परतीची दारे काही वर्षांसाठी बंद होतात. आधी वकील गाठा आणि प्रकरण रीतसर बंद करून मग निघा.

म्हणून माझे मत असे: बी-२ हा घर आवरण्यासाठी मागून घेतलेला वेळ आहे. त्याच्या आधाराने नोकरीपर्यंत पोचण्याचा बेत आता फार डळमळीत झाला आहे. ३१ मार्चच्या मुदतीत बसेल अशी ऑफर आली नाही, तर बी-२ चा अर्ज भरून शांतपणे निघायची तयारी करा आणि परतीचा मार्ग बदललेल्या नियमांवर सोडा.

मुलीचे प्रकरण मात्र वेगळेच हाताळा, तिला तुमच्या बी-२ अर्जात अजिबात घालू नका. बी-२ वर कॉलेजात शिकता येत नाही. शिवाय तिच्या आय-९४ वर नोव्हेंबर दिसत असला तरी एच-४ वाढदिवसाच्या दिवशी संपते, हे बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही. तुमची नोकरी टिकली असती तरी ऑगस्टच्या आत तिला एफ-१ कडे (विद्यार्थ्याचे स्टेटस) जावेच लागले असते. आता ते तुमच्या साठ दिवसांच्या आत करा: कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून आय-२० (एफ-१ साठी कॉलेज देते तो कागद), सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) ३५० डॉलर फी, मग तिचा स्वतंत्र आय-५३९. ग्रेस पिरियडचे संरक्षण कुटुंबालाही असते, त्यामुळे त्या काळात भरलेला अर्ज वेळेत धरला जातो. एफ-१ वर तिची फी राज्याबाहेरच्या दराने लागेल का हे कॉलेजला आधीच विचारा, काही ठिकाणी हा फरक मोठा असतो.

२१ नंतरही मुलीला तुमच्या ग्रीन कार्डात धरता यावे म्हणून वय गोठवणाऱ्या कायद्यावर भिस्त ठेवू नका. त्यात वयातून आय-१४० प्रलंबित राहिल्याचे दिवस वजा होतात, पण ही वजाबाकी प्रायॉरिटी डेट लागते तेव्हा. तुमची ती लागायला वर्षे आहेत. १५ ऑगस्ट २०२५ पासून यूएससीआयएस या हिशेबासाठी व्हिसा बुलेटिनमधला 'अंतिम कारवाई'चा तक्ता धरते, आधीचा सोयीचा तक्ता नाही. तिचे ग्रीन कार्ड तुमच्याबरोबर होणार नाही, हे धरूनच तिचे शिक्षण आणि करिअर आखा.

पत्नी साठ दिवसांच्या काळात ईएडीवर काम चालू ठेवू शकतात. बंदी ज्याला स्वतंत्र परवाना नाही त्याला आहे. तुम्ही नव्या कंपनीत एच-१बीवर वेळेत गेलात तर त्यांचे एच-४ आणि ईएडी नोव्हेंबरपर्यंत तसेच चालते. मात्र नव्या कंपनीच्या आय-१२९ मध्ये कुटुंब आपोआप येत नाही, नोव्हेंबरनंतरच्या मुदतीसाठी त्यांचा आय-५३९ आणि आय-७६५ (ईएडीचा अर्ज) वेगळा भरावा लागतो. ३० ऑक्टोबर २०२५ पासून नूतनीकरणाच्या अर्जावर मिळणारी ५४० दिवसांची आपोआप मुदतवाढ बंद झाली आहे, तेव्हा मुदत संपायच्या १८० दिवस आधी, म्हणजे मेमध्येच अर्ज गेला पाहिजे. एच-४ ईएडी मुळातच बेकायदा आहे हा दावा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ऐकायला नकार दिला, त्यामुळे न्यायालयातून असलेला धोका सध्या टळला आहे. सरकार नियम बदलून ती काढू शकते, तो धोका उरतो.

पत्नीच्या कंपनीने मार्चमध्ये त्यांची एच-१बी नोंदणी करावी, २१५ डॉलरचा प्रश्न आहे. २७ फेब्रुवारी २०२६ पासून लॉटरीत पगाराच्या पातळीनुसार वजन मिळते: चौथ्या पातळीला चार चिठ्ठ्या, पहिलीला एक. अनुभवी माणसाला हे फायद्याचे, नुकतेच शिकून आलेल्यांना जाचक. निवड झाली तरी नोकरी १ ऑक्टोबरपासून, मधल्या काळाची सोय वेगळी करावी लागेल.

'कम्पेलिंग सर्कमस्टन्सेस ईएडी'बद्दल (असाधारण अडचणीत मिळणारा कामाचा परवाना) कोणी सांगेलच. आय-१४० मंजूर, तारीख आलेली नाही आणि अर्ज ग्रेस पिरियडच्या आत, इतके तुमच्याकडे आहे. पण केवळ नोकरी जाणे हे कारण पुरत नाही. गंभीर आजार, मालकाने केलेला सूड, देश सोडल्यास होणारे असाधारण नुकसान, असे काही कागदांनिशी दाखवावे लागते. ती एक वर्षाची मिळते आणि तिच्यावर काम करू लागलात की तुम्ही एच-१बीच्या बाहेर पडता. परत एच-१बी हवी तर परदेशी जाऊनच, म्हणजे पुन्हा तोच एक लाख.

त्या रकमेच्या वैधतेवर वाद चालू आहे. अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्सचा मुद्दा असा की ही फी नसून करच आहे आणि कर लावायचा अधिकार काँग्रेसचा. वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि प्रकरण अपिलात गेले. इतर खटले कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समध्ये आहेत. घोषणेची मुदत बारा महिन्यांची आहे, वाढवली नाही तर ती सप्टेंबर २०२६ मध्ये संपेल. साठ दिवसांचे १८० करावेत ही सूचना आशियाई अमेरिकनांविषयीच्या राष्ट्राध्यक्षीय सल्लागार आयोगाने २०२३ मध्ये केली होती, ती कागदावरच राहिली. सरासरी भरती प्रक्रिया किती लांबते हे पाहता ती रास्त होती, असे माझे मत आहे.

शेवटी कंपनीकडून घ्यायच्या गोष्टी. एचआर उत्तर देते आहे तोवरच मागा: सगळे आय-७९७, आय-१४० ची मंजुरी, दाखल केलेला पर्म अर्ज, २७ फेब्रुवारीपर्यंतची पगाराची पावती, कामावरून कमी केल्याचे पत्र, आणि अनुभवाचे पत्र. त्या पत्रात हुद्दा, तारखा, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, प्रत्यक्ष कामे आणि वापरलेली तंत्रज्ञाने सविस्तर हवीत. पुढच्या पर्मला 'उत्तम कर्मचारी होते' असल्या दोन ओळी उपयोगाच्या नाहीत. कंपनी पत्र देत नसेल, तर जुन्या वरिष्ठाकडून शपथपत्र घ्या. आय-१४० ची प्रत नाकारली तर माहिती अधिकाराखाली यूएससीआयएसकडून मिळते, फक्त वेळ लागतो. आणि तुम्ही भारतात परतायचे ठरवले, तर मुदतीआधी कमी केल्याबद्दल तुमच्या स्वतःच्या परतीच्या प्रवासाचा रास्त खर्च देणे कंपनीवर बंधनकारक आहे. कुटुंबाचा नाही, तुमचा. तो बहुधा कोणी आपणहून देत नाही, ईमेलने लेखी मागावा लागतो.